परळची चिठ्ठी

माझी थोरली बहीण लालबागला दिलेली. त्यामुळे मुंबई म्हणजे आमच्या लेखी चौपाटी नाही की राणीची बाग नाही. मुंबई म्हणजे ताईची चाळ, गॅलरीत वाळत घातलेले कपडे आणि मे महिन्यात खालच्या गल्लीतून येणारा तिखटाचा खकाणा. दोन-तीन वर्षांतून एकदा सुट्टीत जायचं, वर्षाचा मसाला कुटून घ्यायचा, भाचरांना भेटायचं की परत फलटण. २०२३ च्या मे महिन्यात निघाले तेव्हा मात्र मसाल्याच्या यादीबरोबर पर्समध्ये आणखी एक कागद होता. डॉक्टरी अक्षरातली चार ओळींची चिठ्ठी. वर आमच्या धाकट्याचं नाव, आणि खाली इंग्रजीत जे काही लिहिलं होतं त्याचा अर्थ मी डॉक्टरांनाच विचारून घेतला होता. 'ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत व्यवसायोपचार म्हणतात.'

घरी येऊन तो शब्द सांगितला तर आमचे हे म्हणाले, "सात वर्षांच्या पोराला कसला व्यवसाय लावताय?"

खरं तर हसण्यासारखी गोष्ट. पण तेव्हा मला हसू आलं नाही. त्या चिठ्ठीपर्यंत पोचायला आम्हाला दोन वर्षं लागली होती.

धाकटा तसा चलाख. बेरजा तोंडी करतो, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण सदऱ्याचं बटण म्हणून लागायचं नाही. जेवायला बसला की निम्मा भात ताटाबाहेर. चपला उलट्या. चेंडू अंगावर आला की डोळे मिटून उभा राहणार. नखं काढायची तर दोघांनी धरावं लागे, आणि सदऱ्याच्या मानेजवळची चिठ्ठी कातरून टाकल्याशिवाय अंगात घालणार नाही. अक्षराचं तर विचारूच नका. पेन्सिल मुठीत धरायचा, वहीला भोक पडेपर्यंत दाबायचा, आणि चार ओळी झाल्या की हात दुखतो म्हणून रडायचा. वहीत रोज लाल शेरा. 'लेखन अपूर्ण.' 'लक्ष नाही.' पहिलीतल्या मुलाला मागच्या बाकावर बसवलं होतं, हे मला पालकसभेत कळलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "वहिनी, मुलगे जरा उशिरानेच सुधारतात." सासूबाईंचं म्हणणं, ह्याचा बापही असाच होता. मग मला वाटायचं, दोष माझाच. मीच लाडावून ठेवलंय. एका रात्री शुद्धलेखनाचं पान पाचव्यांदा खोडल्यावर मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली. पेन्सिल खाली पडली. तो रडला नाही, ओरडला नाही. खाली वाकून त्याने पेन्सिल उचलली आणि परत धरली. परत तशीच, मुठीत. ते काही केल्या माझ्या डोळ्यापुढून जात नाही.

फेब्रुवारीत शाळेत तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून सरकारची योजना आहे, २०१३ सालापासून सुरू आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा डॉक्टर येऊन मुलं तपासतात. आपण समजतो, वजन-उंची लिहून जात असतील. त्या पथकातल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासायला सगळ्यांना सदरे उघडायला सांगितले. तपासून झाल्यावर मुलं बटणं लावून पळाली. हा तसाच उभा, उघड्या सदऱ्यानं. बाईंनी विचारलं, "घरी कोण लावतं?" म्हणाला, "आई." दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावणं आलं. तिथून उपजिल्हा रुग्णालय. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी डोळे, कान, हातापायाची ताकद सगळं पाहिलं, काही मोठं दुखणं नाही अशी खात्री करून घेतली, आणि मग ती चिठ्ठी लिहिली.

पुण्यात सोय नाही असं नाही. पण दिवसाआड न्यायचं, तेही महिनाभर, तर राहायचं कुठं? ताईला फोन केला. ताई चार दिवसांत सगळी चौकशी करून मोकळी. फोनवर तिचा आवाज मुळात चाळीतला, तीन घरं ऐकतील असा. म्हणाली, "अगं, के. ई. एम. घरापासून चालत आहे. ओ. टी.ची चौकशी केलीय मी. चिठ्ठी आहे ना, मग बिनघोर ये घेऊन." सासूबाई शेजारीच शेंगा सोलत होत्या. त्यांच्या कानावर फक्त 'ओ. टी.' पडलं. त्यांच्या गुडघ्याच्या वेळी ओ. टी. म्हणजे काय ते त्यांना चांगलंच कळलं होतं. सूप बाजूला सारून त्यांनी पदर डोळ्याला लावला. "पोराला कापायला नेताय आणि मला सांगत नाही!" हे ओ. टी. वेगळं, यात सुई नाही, सुरी नाही, हे समजावता समजावता संध्याकाळ झाली. आपल्याकडे दोन्हींना ओ. टी.च म्हणतात, करणार काय!

सकाळच्या एस. टी.ने निघालो. लोणंद, नीरा, जेजुरी. जेजुरीला गाडीतूनच खंडोबाला हात जोडले. दिवेघाट उतरून पुण्याला पोचलो आणि दुपारच्या गाडीनं दादर. धाकट्यानं खंडाळ्याच्या घाटातले बोगदे मोजले. मध्ये डुलकी लागली म्हणून त्याचा हिशेब चुकला, आणि त्याचं दुःख दादरपर्यंत पुरलं.

परळ-लालबाग आता ओळखू येत नाही. ताईच्या सासऱ्यांची गिरणी होती तिथं आता चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे. १९८२ च्या संपाच्या गोष्टी चाळीतले म्हातारे अजून सांगतात, पण ऐकायला नातवंडांना वेळ नाही. मसाल्याची गल्ली मात्र तशीच आहे. मे महिन्यात बायका मिरच्या-धण्याची पोती निवडून, भाजून, कुटून घेण्यासाठी नंबर लावून बसलेल्या. शिंकत शिंकत आपण तिथून चालत राहायचं. थोडं पुढं गेलं की हवाच बदलते. मसाल्याचा वास जातो, फिनेलचा येतो. के. ई. एम., टाटा, लहान मुलांचं वाडिया, सगळी इस्पितळं एकमेकांना लागून. फुटपाथवर कोल्हापूरपासून बिहारपर्यंतची माणसं. कुणाच्या हातात एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या कडेवर टक्कल पडलेलं पोर. आपलं दुःख घेऊन तिथं चालायला लागलं की पन्नास पावलांत ते लहान वाटायला लागतं. मला तर क्षणभर लाजच वाटली. एवढ्या मोठ्या दुखण्यांच्या गावात मी बटण लागत नाही म्हणून पोराला घेऊन आले!

के. ई. एम. १९२६ साली सुरू झालं. त्याला जोडून असलेलं शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वेळचं. देणगीदारांची अट होती की इथले डॉक्टर-प्राध्यापक भारतीयच असले पाहिजेत. गोऱ्यांच्या राज्यात अशी अट घालणं म्हणजे लहान गोष्ट नाही. जुन्या दगडी इमारतीकडे पाहताना ताईच्या यजमानांनी हे सांगितलं, आणि केसपेपरच्या रांगेत ते ऐकताना बरं वाटलं.

मी मनात खाटा, सुया, पांढरे पडदे असं काहीबाही धरून गेले होते. आत पाहिलं तर बालवाडीच. जमिनीवर गाद्या, कमरेएवढा मोठा चेंडू, टांगलेला झोपाळा, भिंतीला आरसा, लहान मुलांच्या मापाची टेबलं. एका फळीवर नुसती बटणं, हुक, चेन आणि नाड्या बसवलेल्या. धाकटा झोपाळ्याकडे बघत राहिला.

तिथल्या थेरपिस्टबाई माझ्याच वयाच्या असतील. मी घाईघाईनं त्याची वही पुढं केली. त्यांनी ती बाजूला ठेवली. म्हणाल्या, "अक्षर नंतर बघू. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत हा काय काय करतो ते सांगा." दात कोण घासून देतं, आंघोळीत पाणी डोक्यावर घेतो का, जेवतो कसा, गर्दीत कान झाकतो का, कुणाशी खेळतो. बाळंतपण कसं झालं, लगेच रडला का, कितव्या महिन्यात बसला. मी सांगितलं, हा रांगला नाहीच, बसूनच घसरत जायचा, आम्हाला त्याचं फार कौतुक. त्यांनी लिहून घेतलं. "एवढ्यावरून काही ठरत नाही, पण माहीत असलेलं बरं."

मग त्यांनी त्याच्याशी खेळायला सुरुवात केली. निदान मला तरी ते खेळणंच वाटलं. एका पायावर उभा राहा. पट्ट्यावरून चाल. पोटावर झोपून हातपाय वर उचल, विमान कर. विमान दोन सेकंदांत खाली आलं. चेंडू झेल. पिशवीत हात घालून न बघता सांग, किल्ली आहे की नाणं. कात्रीनं रेघेवरून काप. चौकोन काढ, त्रिकोण काढ. शेवटी वही.

तासाभरानं त्या माझ्याकडे वळल्या. जे म्हणाल्या ते मी घरी गेल्यावर मसाल्याच्या यादीच्या मागे लिहून ठेवलं. "ह्याच्या बोटांत दोष नाही, आणि हा आळशी तर नाहीच. ह्याच्या पाठीला आणि खांद्याला अजून पुरता आधार नाही. बाकावर बसला की निम्मी ताकद अंग सावरण्यात जाते. पाय लोंबकळत, बाक उंच. वर पेन्सिल किती दाबली हे ह्याच्या हाताला नीट कळत नाही. म्हणून तो जास्तच दाबतो. चार ओळी लिहायला ह्याला दुसऱ्या मुलाच्या चाळीस ओळींएवढे कष्ट पडतात."

मला रडू आवरेना. पट्टीची गोष्ट मी तिथंच सांगून टाकली. बाईंनी समजूत काढली नाही की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ती पट्टी आता रेघा मारायला ठेवा. ठळक रेघा लागतील ह्याला."

गाव विचारलं तेव्हा मी फलटण म्हटलं. तिथं शिकायला असलेली एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे निंबकर बाईंच्या फलटणच्या तुम्ही!" मला आधी अर्थबोध होईना. निंबकर हे नाव आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. 'कमला निंबकर बालभवन' या शाळेच्या पाटीवरून मी कित्येक वर्षं भाजीची पिशवी घेऊन गेलेली. आमचा धाकटा त्या शाळेत नाही, पण शाळा नावाजलेली आहे, १९८६ साली सुरू झालेली. पण या कमलाबाई कोण, हे कधी विचारलं नव्हतं. ते मला परळला येऊन कळलं.

बाई जन्मानं अमेरिकन. नाव एलिझाबेथ लंडी. विष्णु निंबकरांशी लग्न करून १९३० साली इकडे आल्या आणि कमला झाल्या. मुंबईत मुलांची शाळा चालवली. पुढे मुलंबाळं मोठी झाल्यावर, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, त्या परत अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियाला हा व्यवसायोपचार विद्यार्थिनी होऊन शिकल्या. परत येऊन १९५० साली इथंच, के. ई. एम.मध्ये, देशातलं व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय काढलं. १९५२ मध्ये या लोकांची अखिल भारतीय संघटना उभी केली. १९७९ मध्ये त्या गेल्या. त्या काळी पोलिओनं लुळे पडलेले हात-पाय घेऊन मुलं यायची. आता पोलिओ देशातून गेला, आणि त्याच विद्येच्या दारात आमच्यासारखी बटणवाली मुलं उभी आहेत. ज्या बाईच्या नावाच्या पाटीखालून मी रोज जाते, तिनं मांडलेल्या घरात माझं पोर येऊन बसलं होतं, आणि त्यासाठी मला सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर लांब यावं लागलं. घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग निंबकरांचंच आहे म्हण की! आधी सांगायचंस."

चार आठवडे गेलो. दिवसाआड पाऊण तास. झोपाळ्यावर पोटावर झोपून खालचे ठोकळे उचलायचे, हातांवर चालायचं नि पाय दुसऱ्यानं धरायचे, भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं मोठमोठे गोल काढायचे. खडू मुद्दाम मोडून अर्ध्या बोटाएवढा. तुकडाच लहान म्हटल्यावर मूठ करता येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. इतकी साधी युक्ती! आणि मी जाड पेन्सिली, महागाच्या पेन्सिली, किती प्रकार आणले होते.

पण बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथला पाऊण तास म्हणजे निम्मंसुद्धा नाही. बाकीचं तुमच्या स्वयंपाकघरात." आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला वाटलं, ही तर आपलीच कामं. कणीक मळायला द्या, घट्ट. मटार सोलू द्या, शेंगा फोडू द्या. ओला रुमाल पिळून वाळत घालून चिमटे लावू द्या. धणे निवडायला बसवा. ताईच्या चाळीत वर्षाचा मसाला चालूच होता. शेजारच्या बायका परातीत धणे घेऊन बसायच्या, त्यांच्यात हाही मांडी घालून. काडी वेगळी, खडा वेगळा. मिरच्यांना मात्र आम्ही त्याला हात लावू दिला नाही. वीस मिनिटं एका जागी बसला म्हणून ताईच्या सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली.

लिहायला बसताना पाय टेकले पाहिजेत म्हणून खाली देवघरातला जुना पाट आला. वहीखाली तिरकी फळी, पूर्वी दिवाणजींच्या उतरत्या मेजासारखी. आम्ही कपडे ठेवायच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण वापरलं. बटणाची रीत तर प्रत्येक आईनं करून बघण्यासारखी. आपण चार बटणं लावायची, पाचवं काजात अर्धं घालून द्यायचं, नि शेवटी ओढायचं काम त्याचं. म्हणजे सदरा 'त्यानं' घातला असं होतं. ते जमलं की पाचवं पूर्ण त्याचं. मग चौथं. शेवटाकडून सुरुवात. आपण नेहमी पहिल्यापासून शिकवतो, मूल मध्येच दमतं, आणि शेवट आपण घाईनं करून टाकतो.

तिसऱ्या आठवड्यात हे आले, दोन दिवसांची रजा काढून. चेहऱ्यावर अजून तेच, 'कसला व्यवसाय?' बाईंनी त्यांना उंच स्टुलावर बसवलं, पाय अधांतरी, हातात जाड मोजा घालायला दिला, आणि म्हणाल्या, "डाव्या हातानं दहा ओळी लिहा. जरा लवकर." तिसऱ्या ओळीला ह्यांची मान तिरकी झाली, जीभ बाहेर आली. धाकटा हसून हसून गादीवर लोळला. "बाबा, लक्ष नाही तुमचं!" हे काही बोलले नाहीत. संध्याकाळी गॅलरीत त्याला चेंडू टाकत बसले होते, हळू, अगदी जवळून, मोजे गुंडाळून केलेला चेंडू.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात अशी शंका असेल तर एवढंच सांगेन की डॉक्टरांकडे जाऊन 'मूल हळू आहे' असं म्हणू नका. मी दोन वर्षं तेच म्हणत होते. बटण लागत नाही, जिना एकेक पायरी दोन्ही पाय टेकून उतरतो, चार ओळींत हात दुखतो, असं नेमकं सांगा, आणि स्वतःहून विचारा, 'ओ. टी.साठी चिठ्ठी द्याल का?' शाळेत तपासणीचं पथक कधी येणार ते बाईंना विचारून ठेवा. नेताना लसीचं कार्ड आणि बाळंतपणाचे कागद न्या, आणि वहीतलं सुंदर पान नको, सगळ्यात वाईट पान न्या. बटणाचाच सदरा घाला. मी पहिल्या दिवशी बरं दिसावं म्हणून त्याला नवा टी-शर्ट घालून नेलं होतं. बाईंनी विचारलं, "आणि बटणं?"

निघताना बाईंनी शाळेसाठी एक कागद दिला. पुढच्या बाकावर बसवावं, पाय टेकतील असं बघावं, फळ्यावरचं उतरवायला थोडा जास्त वेळ द्यावा. जूनमध्ये मी तो घेऊन गेले तेव्हा पाय लटपटत होते. दुसरीच्या बाईंनी वाचला, घडी घालून हजेरीपटात ठेवला, आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गात अशी अजून दोन आहेत. हा कागद कुठं मिळतो?" मी त्यांना परळचा पत्ता लिहून दिला.

अक्षर अजून काही मोत्याचं झालेलं नाही. भोकं पडायची थांबली एवढंच. नखांचा कार्यक्रम अजून रडारडीचाच, पण आता एकटी मी पुरते. दिवाळीच्या सुट्टीत परत दाखवायला बोलावलं होतं, तेव्हा ताईकडून संपत आलेल्या मसाल्याची भरपाईही करून आणायची होती.

शाळेच्या गणवेशाला सहा बटणं आहेत. सकाळी रिक्षावाला खाली भोंगा वाजवत असतो, सासूबाई डबा घेऊन उभ्या असतात, आणि हा दारात मान खाली घालून, जीभ दातात धरून खालची तीन लावत असतो. वरची तीन अजून माझ्याकडे आहेत.